पोकलेन आला, रोलर नाही

मंडळी, मनोरजवळच्या आमच्या माळावर माझा नातू मोटारसायकलच्या उड्यांचा ट्रॅक बांधतोय. मशीन ठरवताना त्याने मोठा पोकलेन आणला. रोलरची गरज नाही म्हणाला.

आज दुपारी पोकलेनने उडीसाठी मातीचा उंच ढीग एका दमात रचला. मी म्हटलं, "खळं करताना आमी माती पसरतो, पाणी मारतो, चोपतो. ही नुसती ओतलीय."

"आजा, हा ट्रॅक हाय, खळं नाय," तो हसला. "यावर भात झोडायचाय का?"

संध्याकाळी मी ढिगावर चढलो. काठी टेकली तर मुठीपर्यंत आत गेली. कडेला भेगही पडली आहे.

सकाळी पहिली उडी तोच मारणार आहे. माझं ऐकत नाही. बोईसरकडे कोणाचा रोलर उजाडायच्या आत मिळेल का?