राइनाची काळी चौकट

लाझारला मत नाही असा विषय डॅन्यूबच्या या काठावर शोधून सापडला नसता. रस्त्यावर वेग पकडणारे कॅमेरे हवेतच. हॉटेलात सिगारेट बंद केली ते उत्तम झालं. घड्याळं दर वर्षी पुढेमागे करणं हा शुद्ध मूर्खपणा. घरी दारू गाळणाऱ्यांवर सरकारने खुशाल नजर ठेवावी, फक्त त्याच्या मेव्हण्याच्या भट्टीकडे बघू नये. ही सगळी मतं तो रोज सकाळी औषधांच्या दुकानाबाहेरच्या कॉफीच्या मशीनपाशी, कठड्यावर बसून, हातातली कॉफी गार होईपर्यंत ऐकवायचा. ऐकायला कुणी नसलं तरी कामेन असायचाच.

कामेन निवृत्त बस ड्रायव्हर. कुठलाही नवा कायदा आला की तो आपल्यालाच छळायला आला अशी त्याची पक्की समजूत.

"तू टीव्ही दुरुस्त करायचास ना रे, की टीव्हीच तुला दुरुस्त करायचा?" तो लाझारला विचारायचा. "सगळं बातम्यांतलं बोलतोस."

लाझारला राग यायचा नाही. सरकारी दुरुस्ती केंद्रात उभं आयुष्य टीव्ही आणि रेडिओ उघडण्यात गेलेलं. ते केंद्र बंद पडलं, मग त्याचं स्वतःचं दुकानही बंद पडलं, कारण लोक टीव्ही दुरुस्त करेनासे झाले, सरळ फेकून देऊ लागले. दुसरा एखादा यंत्रांना शिव्या घालत बसला असता. लाझारची श्रद्धा मात्र ढळली नाही. यंत्र नवं असेल तर ते चांगलंच असणार, आणि माणूसच मागे पडला तर दोष माणसाचा, असं त्याचं म्हणणं.

काळ्या चौकटींचं प्रकरण निघालं तेव्हा त्याच्या अंगात आलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव आणि चार ओळी काळ्या चौकटीत छापून दारावर, खांबावर, झाडावर, बसच्या थांब्यावर लावायची रीत. चाळीस दिवसांनी पुन्हा लावायची, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी. त्यामुळे गावातल्या कुठल्याही लिंडेनच्या झाडाला पाठ टेकावी तर मागून कुणीतरी मेलेला बघत असायचा. नगरपालिकेने ठरवलं की हे बंद करायचं. कागद फक्त दफनभूमीच्या फाटकावरच्या फळ्यावर लावायचा, आणि बाकी सगळ्यांसाठी इंटरनेटवर एक पान काढायचं. त्यावर फोटो, अंत्यविधीची वेळ, आणि ज्याला वाटेल त्याने बोट टेकवून मेणबत्ती पेटवायची सोय.

लोकांची मतं ऐकायला सभा झाली. तिथे लाझार कोट घालून उभा राहिला. "जहाजातून परदेशी पाहुणे उतरतात," तो म्हणाला, "आणि गावात शिरताना त्यांना आधी काय दिसतं? आपली पंचवीस मेलेली माणसं. हे गाव आहे की दफनभूमीची भिंत? आपली निम्मी मुलं स्पेनमध्ये, जर्मनीत. त्यांना खांबावरचा कागद दिसतो का? पडद्यावरचा दिसतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपनगराध्यक्षांनी हात मिळवला. नियम झाला, खांब घासून धुतले गेले. आपल्या राहत्या इमारतीच्या, ब्लॉकच्या, दारावरही कुणी कागद लावायचा नाही, हे लाझारने स्वतः बजावलं, कारण ब्लॉकचा व्यवस्थापक तोच होता.

घरी राइना भाजी चिरत होती. त्याची बायको. ती शिवणकारखान्यात होती, आणि कारखाना बंद पडल्यावरही तिथल्या बायकांना तिने सोडलं नव्हतं. वरच्या वस्तीत बेकरी आहे, तिच्यासमोर विजेचा खांब. सकाळी ब्रेडच्या रांगेत त्या सगळ्याजणी भेटायच्या, खांब वाचायच्या, आणि कुणाकडे कधी जायचं ते तिथेच ठरवायच्या. राइनाने गावातल्या किती जणांना दफनभूमीपर्यंत पोहोचवलं असेल याचा हिशेब देवालाच माहीत. ज्याच्या मागे कुणी नाही, त्याच्याकडे तर ती हमखास जायची.

"छान बोललास म्हणे," ती म्हणाली. "आता मेल्यावर आपण कुणाला दिसणार रे?"

"सगळ्या जगाला," लाझार म्हणाला.

"मला जग काय करायचंय? गिंकाला दिसले तरी पुरे."

गिंका तिची मैत्रीण. कारखान्यात दोघींची मशीनं शेजारी शेजारी होती.

त्याच शरद ऋतूत राइना आजारी पडली. आजार पोटातला होता आणि फार पुढे गेलेला. तिची हाडं वर आली, केस गेले. तिने बेकरीला जाणं बंद केलं आणि सगळ्यांना निरोप धाडला की हिवाळाभर ती लेकीकडे, स्पेनला राहणार आहे. "आजारात कुणी बघायला नको," ती लाझारला म्हणाली. "मेल्यावर या म्हणावं सगळ्यांनी. तेव्हा मी नीटनेटकी असेन."

जिल्ह्याच्या हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, तिने त्याचा हात धरला. "माझा कागद बेकरीसमोरच्या खांबावर लाव. एकच लाव. पण तिथे लाव."

लाझार म्हणाला, "राइना, कायदा झालाय. तिथे लावता येत नाही. आणि तो... सभेत मीच तर..."

ती थोडं हसली. आयुष्यभर ती असंच हसून त्याचं ऐकत आली होती. "बरं बाबा. मग तुझ्या पडद्यावर लाव. पण फोटो चष्म्याशिवायचा घे."

माणूस किती कोडगा असू शकतो बघा. तिने इतक्या सहज ऐकलं म्हणून लाझारला त्या क्षणी हायसं वाटलं.

राइना गेली. लाझारने चष्म्याशिवायचा फोटो शोधला, पानावर चढवला, दफनभूमीच्या फळ्यावर कागद लावला. सगळं नियमाप्रमाणे. लेक वेसेला विमानाने आली. देवळात ते दोघं होते, कामेन होता, ब्लॉकमधली दोन शेजारी माणसं होती आणि पाद्री. पाद्री जरा वेळ थांबला, दाराकडे बघत, आणखी कुणी येईल म्हणून. मग त्याने सुरुवात केली. हातातल्या मेणबत्त्यांचा उजेड उघड्या पेटीतल्या राइनाच्या तोंडापर्यंतही नीट पोहोचत नव्हता.

"बाबा, आईची माणसं कुठेयत?" वेसेलाने हळूच विचारलं. "गिंकामावशी कुठेय?"

लाझारने खिशातून फोन काढून तिला दाखवला. पानावर शेकडो मेणबत्त्या पेटल्या होत्या. झारागोझाहून, म्युनिकहून, लंडनहून. कुणाकुणाच्या लेकीसुनांनी, ज्यांना राइनाने कधीकाळी कडेवर घेतलं होतं. गावात सगळ्यांना ठाऊकच असणार, असं प्रत्येकीने धरलं असावं. वेसेलाने एकदा बघितलं आणि फोन त्याच्या हातात परत दिला. चार दिवसांनी ती परत गेली, तिची कामावरची रजा तेवढीच होती.

लाझारने कॉफीच्या मशीनवर जाणं सोडलं. कामेन एकदोनदा येऊन दार वाजवून गेला. एके दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून लाझारला बाहेर पडावंच लागलं, आणि औषधांच्या दुकानात रांगेत पुढे उभी होती गिंका. जाडजूड, डोक्याला रुमाल, हातात काठी.

"अरे लाझार, एकटाच खातोस की काय? किती वाळलायस," ती म्हणाली. "राइना कशी आहे? मानवलं का स्पेन? एक फोन नाही मेलीचा. ऊन लागलं की विसरली आम्हाला."

लाझारने तोंड उघडलं. दुकानात माणसं होती, काउंटरवरची मुलगी ऐकत होती, आणि गिंका हसत होती. त्या हसऱ्या तोंडावर ते शब्द टाकायचे कसे?

"बरी आहे," तो म्हणाला.

"नमस्कार सांग माझा. सांग, तुझी जागा राखून ठेवलीय रांगेत."

"सांगतो."

घरी येऊन तो टोपीही न काढता पलंगावर बसला. राइनाचा फोन उशाशी होता. त्याने गिंकाचा नंबर काढला, दाबला, तिकडून "बोल गं राइने" ऐकू आलं आणि त्याने घाबरून फोन बंद केला. ते त्याने दुसऱ्यांदा करून बघितलं नाही. आपण हे तोंडाने कधीच सांगू शकणार नाही, हे त्याला कळून चुकलं. आणि हेही कळलं की ज्या कुणी पहिल्यांदा असा कागद खांबावर लावला असेल, त्यालाही तोंडाने सांगणं जमलं नसणार. एवढी साधी गोष्ट त्या भरल्या सभेत त्याच्या डोक्यात आली नव्हती.

चाळिसावा दिवस जवळ आला. मेलेल्याचा जीव चाळीस दिवस आपल्या माणसांतच घुटमळतो आणि त्या दिवशी संध्याकाळी कायमचा जातो, असं आमच्याकडे मानतात. लाझार असलं काही मानणाऱ्यातला नव्हता. तरी तो फुलांच्या दुकानात गेला, तिथेच असे कागदही छापून मिळायचे, आणि कागद छापून घेतला. "फळ्यावर लावायचाय ना काका?" दुकानदारणीने विचारलं. त्याने मान डोलावली.

चाळिसाव्या दिवशी सकाळी त्याने पिठाची खळ केली आणि वरच्या वस्तीत गेला. बेकरी अजून उघडली नव्हती. घासून धुतलेल्या त्या खांबावर त्याने राइनाला डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलं, तळव्याने कडा नीट दाबल्या, आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. नगरपालिकेचा पहारेकरी इलिया तिकडून येत होता. त्याने कागद बघितला, मग लाझारला बघितलं.

"काका, तुम्ही?"

इलियाने टोपी काढली, पुन्हा घातली आणि दुसऱ्या गल्लीत वळला.

बायका येऊ लागल्या. पहिली कुणीतरी सवयीने खांबाकडे गेली. कित्येक महिन्यांत तिथे काही नव्हतं, म्हणून तिला नवल वाटलं असावं. मग तिने दुसरीला हात करून बोलावलं. गिंका आली तेव्हा रांग मोडली होती आणि सगळ्या खांबाभोवती गोळा झाल्या होत्या. त्यांनी तिला वाट दिली. गिंकाने वाचलं. चाळीस दिवस, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तिने पुन्हा वाचलं. तिची काठी पडली आणि ती खांबाला दोन्ही हातांनी धरून, नुकतंच कुणी गेल्यावर रडतात तशी मोठ्याने रडली. लाझारने रस्त्यापलीकडून ते रडणं ऐकलं. राइनाच्या वाट्याचं ते रडणं होतं, आणि ते तिच्या पेटीपाशी व्हायला हवं होतं.

तो रस्ता ओलांडून गेला.

"तू मला बरी आहे म्हणालास," गिंका म्हणाली.

"हो."

"कोण होतं तिच्याजवळ? देवळात?"

"मी. वेसेला. कामेन. शेजारची दोघं."

"बास?"

"बास."

"तुझी आई गेली तेव्हा गुडघाभर बर्फ होता," गिंका म्हणाली. आवाज चढवायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "आम्ही सगळ्या गेलो होतो, तुझी आई आमच्याशी धड बोलायचीही नाही तरी. आणि हिला तू चोरून पुरलंस. काय वाटलं असेल रे तिला? चाळीस दिवस वाट बघत असेल. म्हणत असेल, गिंका आली नाही. पाऊल उचलवलं नाही गिंकाला."

लाझारला सांगता आलं असतं की ते पान सगळ्यांसाठी उघडं होतं, फळ्यावर कागद होता, नियम सर्वांना सारखा. त्याऐवजी त्याने तिची पडलेली काठी उचलून तिच्या हातात दिली.

गिंकाने नाक पुसलं. "आज शेवटचा दिवस आहे. चला," ती बायकांना म्हणाली.

तशाच निघाल्या त्या. कुणाच्या अंगात स्वयंपाकाचा एप्रन, कुणाच्या बगलेत गरम ब्रेड, कुणाच्या पायात घरातल्या सपाता. दफनभूमीचा चढ निसरडा होता, तरी कुणी थांबलं नाही. लाझार मागून चालत होता.

राइनाच्या मातीवर अजून दगड बसला नव्हता, नुसता लाकडी क्रूस होता आणि गोठून काळी पडलेली थोडी फुलं. गिंका त्या फुलांकडे बघत राहिली. मग एकेक बाई पुढे झाली, क्रूसाला हात लावून म्हणाली, "आम्हाला माहीत नव्हतं गं, राइने." शेवटी गिंका लाझारकडे वळली.

"आमचं ती कशाला खरं मानेल? तू सांग तिला."

लाझार पुढे गेला. टोपी काढून हातात धरली. "राइना," तो म्हणाला, "यांना माहीत नव्हतं. तू मला सांगितलं होतंस कुठे लावायचं, मी लावलं नाही. पुढे गिंकाने विचारलं, तेव्हाही मी खोटं बोललो."

कुणी त्याला धीर दिला नाही आणि कुणी बोलही लावला नाही. गिंकाने ब्रेड मोडला, पहिला तुकडा मातीवर ठेवला, आणि क्रूसाजवळ बर्फातच बसली. "ऐक गं," ती म्हणाली, "स्तानिस्लावाच्या सुनेला मुलगी झाली. तुझं नाव ठेवायचं म्हणत होते, मीच म्हटलं, ती स्पेनहून आली की तिला विचारून ठेवा." मग बाकीच्याही वाकल्या आणि सगळ्या एकदम सांगू लागल्या. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा मुलगा परत आला, बेकरीवाल्याने ब्रेड कसा लहान केला. एकमेकींचं तोडून, धापा टाकत, चाळीस दिवसांचं सगळं. तिच्याकडे संध्याकाळपर्यंतच वेळ होता, म्हणून त्या भराभर बोलत होत्या.