मायनस पंचेचाळीस वर्षांची आई

"मॅडम, प्रथमेशला चारपैकी चार द्या. उत्तर बरोबर आहे," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी गणित स्वतः सोडवून पाहिलं होतं. त्यांचंही तेच आलं होतं. मुलगी मायनस पंधरा वर्षांची, आई मायनस पंचेचाळीस.

चूक माझीच होती. कर्जतला आमच्या शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवते. दहावीच्या चाचणीत मला द्यायचं होतं की, आईचं वय आज मुलीच्या चौपट, पाच वर्षांनी तिप्पट. टाईप करताना तिप्पट आणि चौपट यांची अदलाबदल झाली. मुलांनी पेपर चालू असतानाच 'हे कसं?' असं विचारायला हवं होतं. आमच्या हुशार तुकडीत कोणी हू की चू केलं नाही. एक मुलगी सोडून सगळ्यांनी आयांना मायनस करून ताळाही घेतला. ताळा म्हणजे उत्तर पुन्हा गणितात घालून बघणं. तो चोख जुळत होता, हे आणखी वाईट.

अडलं ते सारिकापाशी. खालापूरच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकच जण जाणार होता, आणि तो याच चाचणीवर ठरणार होता. कोंडाणे गावातल्या सारिकाचे आणि प्रथमेशचे बाकीचे मार्क सारखे. या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं, "समजा, मुलीचे वय x वर्षे." खाली एवढंच, "नाही समजत." मी हसले. मग लाज वाटली. 'समजा' लिहिल्याबद्दल अर्धा मार्क असतो, तेवढाच तिला मिळत होता.

मी सरांना म्हटलं, या हिशेबानं मुलगी पंधरा वर्षांनी जन्मणार आणि आई त्यानंतर तीस वर्षांनी. सरांनी आपण गणित सोडवलेला कागद पुन्हा पाहिला.

"पण ताळा येतो ना?"

मी दोघांना ऑफिसात बोलावलं. मायनस पंचेचाळीस म्हणजे काय, असं प्रथमेशला विचारलं. त्यानं अदबीनं सांगितलं, अंतिम उत्तर. सरांनी सारिकाला विचारलं, गणित का सोडलंस?

"सर, मी जन्मले तवा आई वीसची होती. मी दहाची झाले तवा ती तीस, म्हंजे तिप्पट. आता मी पंधराची, ती पस्तीस. अडीचपट पण नाय. पट कमीच होत जाते. तिप्पटची चौपट कशी होईल?"

सरांनी आपला कागद घडी करून खिशात घातला. सारिकाला चार मार्क मिळाले, बाकीच्यांचा तो प्रश्न धरलाच नाही. खालापूरला तीच गेली आणि दुसरी आली. मला फार आनंद झाला.

त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं, यापुढे नुसत्या 'समजा'ला अर्धा मार्क नाही. प्रथमेशनं हात वर केला. त्याचा चेहरा खरोखर काळजीत होता.

"मॅडम, मग पहिल्या ओळीत काय लिहायचं?"

मी फळ्यावर सवयीनं 'समजा' लिहिलं आणि पुसलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला बरोबर प्रश्न विचारला होता, आणि मुलं न समजता 'समजा' लिहीत होती, त्याला कारण मीच होते.