पद्मजावहिनींचं शेवटचं वाळवण

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात आमच्या ओळखीतलं कुणी पापड विकत आणत नसे, कारण पद्मजावहिनी होत्या. भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात, कुंपणाला लागून, जुन्या सुती साडीवर त्या मे महिन्यापासून वाळवण मांडायच्या. उडदाचे पापड, कोहळ्याचे सांडगे, कुरडया, ताकातल्या मिरच्या. मूळच्या बार्शीच्या. इथलं ऊन दिसायलाच गोरं, अंगात दम नाही, असं त्या दरवर्षी म्हणायच्या आणि दरवर्षी त्याच उन्हाकडून काम करून घ्यायच्या. पापड मोडताना आवाज आला पाहिजे, एवढी एकच परीक्षा. आवाज नाही आला की म्हणायच्या, "अजून एक ऊन दाखव त्याला."

त्यांचे यजमान मोरेश्वरभाऊजी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. अबोल माणूस, पण जेवायचा शौकीन. त्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली की दुसरं काही लागत नसे. जेवताना बोलायचे नाहीत, फक्त मधूनच "हं" म्हणायचे. त्या "हं"वरून वहिनींना कळायचं, चटणीत लसूण बरोबर पडलाय की नाही ते.

दोन हजार चार सालच्या वसंतात भाऊजींना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की केमोने थोडे महिने वाढतील, बरं व्हायचं नाही. वहिनी रडल्या नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे हे दिवाळीला असतील ना गं?" मी काय सांगणार? म्हटलं, "असतील की." देवाचं नाव घेतलं मनात.

पण केमो सुरू झाला आणि भाऊजींचं जेवण गेलं. आधी भूक गेली, मग चव. नुसत्या फोडणीच्या वासाने उलटी व्हायची. वहिनींनी घरात फोडणी करणं सोडलं, स्वयंपाक शेजारी आमच्याकडे येऊन करायच्या आणि झाकून न्यायच्या. भाऊजी दोन घास तोंडात फिरवायचे आणि बायकोला वाईट वाटू नये म्हणून "हं" म्हणायचे. वहिनी परत येऊन माझ्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या.

"खोटं 'हं' म्हणतात गं," एकदा म्हणाल्या. "तीस वर्षं ऐकलंय मी. मला कळत नाही का? जायचं तर जातील, ते काही माझ्या हातात नाही. पण एकदा तरी पोटभर, चवीने जेवून जावेत. एवढंच."

केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर डार्लीन नावाची एक अमेरिकन बाई बसायची. सत्तरीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिनेच पहिल्यांदा सांगितलं की ती घरी कुंडीत गांजा लावते, औषध म्हणून. ओढला की मळमळ थांबते, भूक लागते. कॅलिफोर्नियात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालतं. वहिनींना आधी वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. आपल्याकडे गांजा म्हणजे देवळामागे चिलीम घेऊन बसणारे बैरागी. पण भाऊजींनी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आणि मे महिन्यात डार्लीन दोन कुंड्यांत दोन रोपं घेऊन दारात उभी राहिली.

माझे यजमान विनय यांना हे कळल्यावर ते घाबरले. "वहिनी, तुमचं ग्रीनकार्ड अडकलंय अजून. स्टेटमध्ये चालतं, पण फेडरल कायद्यात नाही चालत. उद्या कुणी कम्प्लेंट केली तर डिपोर्ट करतील."

भाऊजी कोचावर पडले होते. डोळे न उघडता म्हणाले, "विनय, ते मला डिपोर्ट करायला येईपर्यंत मी आपण होऊनच निघालेला असेन. तिकीट तेवढं वाचेल त्यांचं."

कुणीच हसलं नाही. विनयनेही पुन्हा विषय काढला नाही.

रोपं कढीपत्त्याच्या मागे वाढली. वहिनींनी त्यांना ताकाचं पाणी घातलं, शेंगदाण्याची पेंड घातली. ऑगस्टपर्यंत ती कुंपणाच्या उंचीला आली. वास असा सुटायचा की दुपारी मागचं दार लावून घ्यावं लागे. अर्थात बातमी पसरलीच. गणपतीत मराठी मंडळाच्या जेवणाला आमच्या ओळखीतली सीमा सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, यंदा पापडात जिरंच घातलंय ना नक्की?" बायका खुदखुदल्या. वहिनींनी तिच्या पानात पापड वाढला आणि म्हणाल्या, "जिरंच आहे. तुला दुसरं काही हवं असलं तर सांग, वेगळे लाटते." सीमाने तो पापड मोडून तोंडात टाकला. पण त्या वर्षी पापडाचे पाच-सहा डबे कुणी न्यायला आलं नाही. ते वहिनींच्या फडताळात तसेच राहिले.

सप्टेंबर संपताना एका झाडाची फुलं तयार झाली. डार्लीनने फोनवर कसं वाळवायचं ते सांगायला सुरुवात केली. वहिनींनी तिला मध्येच थांबवलं. मी तिथेच होते. "डार्लीन, ड्रायिंग आय नो. ड्रायिंग यू डोन्ट टीच मी," म्हणाल्या, आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून हसल्या. त्या उन्हाळ्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. अखेर त्यांना येणारं एखादं काम समोर आलं होतं.

साडी धुऊन अंगणात पसरली. फुलं एकेक करून मोकळी मांडली, सांडगे मांडतात तशी, एकमेकांना न चिकटता. इथे ऑक्टोबरात कधीकधी कोरडं, कडक ऊन पडतं. तसंच पडलं होतं. "बार्शीचं ऊन आलंय बघ माझ्यासाठी," म्हणाल्या. संध्याकाळी एक फूल चिमटीत धरून मोडलं. कट्ट आवाज आला. दुसऱ्या दिवशी आणखी एक ऊन दाखवलं, आणि गरम गरमच पत्र्याच्या डब्यात भरून घट्ट झाकण लावलं.

भाऊजींनी आयुष्यात विडीसुद्धा ओढली नव्हती. डार्लीनने दिलेली छोटी काचेची चिलीम वहिनींनी स्वतः पेटवून दिली. त्यांनी एक झुरका घेतला आणि असे खोकले, असे खोकले, की वहिनींनी त्यांची पाठ धरून ठेवली. खोकल्याने उलटी झाली. डोळ्यांतून पाणी. शेवटी श्वास बसला तेव्हा म्हणाले, "पद्मा, गवताची गंजी पेटल्यासारखं लागतंय गं. नको."

दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. ते तोंड फिरवायचे, तान्हं मूल औषधाच्या चमच्याला फिरवतं तसं. मग वहिनींनी चिलीम दाखवणंच बंद केलं.

डार्लीन आली. डब्यात नाक घातलं आणि काय चुकलं ते तिला लगेच कळलं. ती काही रागावली नाही, उलट वहिनींचा हात हातात घेऊन बसली. तिने जे सांगितलं ते मी वहिनींना मराठीत पुन्हा सांगितलं, कारण त्या ऐकत होत्या पण त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. उन्हाने वरून कडक होतं आणि आतला गवताचा कच्चेपणा तसाच कोंडून राहतो, म्हणून घशाला लागतं. वासाचं तेल असतं ते उडून जातं. त्याला ऊन दाखवायचंच नाही. अंधारात, थंडाव्यात, फांदीसकट उलटं टांगायचं, हळूहळू सुकू द्यायचं. बारीक काडी वाकवल्यावर मोडू लागली की काचेच्या बरणीत भरायचं, गच्च नाही, थोडी जागा ठेवून. मग रोज झाकण उघडून थोडी हवा द्यायची आणि पुन्हा लावायचं. काही आठवडे.

"म्हणजे मुरवायचं," वहिनी हळूच म्हणाल्या. "लोणच्यासारखं." आणि मग, "मी त्याला पापडासारखं केलं."

दुसरं झाड अजून उभं होतं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. अंधाराची, गार जागा एकच होती: हॉलमधलं कपाट, आणि त्यात देवघर होतं. वरच्या फळीवर तुळजाभवानीचा टाक, बाळकृष्ण, आणि लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा. सकाळी नऊच्या सुमारास वहिनी माझ्या दारात आल्या. हातात ताम्हन, त्यात लाल कापडावर देव.

"तुझ्याकडे ठेवून घे थोडे दिवस. अन्नपूर्णेखालचे तांदूळ शुक्रवारी बदलत जा."

मी म्हटलं, "वहिनी, अहो, देव बाहेर काढायचे आणि त्या जागी..."

"देवाचं काय गं, तो कुठेही राहतो. याला अंधार लागतो." त्यांनी ताम्हन माझ्या हातात दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी विचारलंय अन्नपूर्णेला. ती काही बोलली नाही."

मी देव माझ्या देवांशेजारी ठेवले. त्या दिवशी पूजा करताना फूल कुणाला आधी वाहावं हेच मला सुचेना. शेवटी अन्नपूर्णेला वाहिलं.

वहिनींनी कपाटात आडव्या दोऱ्या बांधल्या आणि फांद्या टांगल्या. दार किंचित किलकिलं ठेवलं. रोज आत हात घालून काडी वाकवून बघायच्या. इतकी वर्षं ज्यांना एका उन्हात उत्तर मिळायची सवय, त्यांना नुसतं थांबायचं म्हणजे शिक्षाच होती. इकडे भाऊजी दिवसेंदिवस वाळत होते. पायजम्याची नाडी रोज आतल्या गाठीवर. एकदा वहिनी कपाटासमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, "हे हळू सुकतंय आणि ते भराभर. कोण आधी होतंय बघायचं." मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

मग बरण्या आल्या. दोन, लोणच्याच्याच, सोड्याने धुऊन कोरड्या केलेल्या. रोज सकाळी अंघोळ झाली की, पूर्वी ज्या वेळेला देवपूजा करायच्या त्या वेळेला, वहिनी कपाट उघडून बरण्यांची झाकणं काढायच्या. नाक लावायच्या. बुरशी आली तर भाऊजींच्या अंगात सोसायची ताकद नाही, हे डार्लीनने बजावलं होतं. आधी ओल्या गवताचा वास यायचा. मग तो मागे पडला. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. "ये, बघ." मी वाकले. लिंबाची साल किसल्यावर येतो तसा वास, आणि त्याखाली पावसानंतरच्या लाकडासारखं काहीतरी. मला कबूल करायला संकोच वाटतो, पण तो वास छान होता.

"झालं?" मी विचारलं.

"अजून थोडं. या खेपेला मी घाई करणार नाही."

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी फराळाचं ताट घेऊन गेले. दारात एकच पणती होती. भाऊजी मागच्या दाराजवळ खुर्चीत पांघरूण घेऊन बसले होते, हाडांचा नुसता सापळा. वहिनींनी चिलीम त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी वास घेतला. मग वहिनींकडे बघितलं, "खरंच का?" असं विचारल्यासारखं. झुरका घेतला. आम्ही दोघी श्वास धरून उभ्या. खोकला आला नाही. अगदी थोडा आला, घसा साफ करावा तेवढा.

थोड्या वेळाने म्हणाले, "लिंबाचं आहे काय गं हे?"

"नाही हो. तेच आहे."

मग बराच वेळ ते कुंपणाकडे बघत बसले. आणि म्हणाले, "पद्मा, शेंगाची चटणी आहे का घरात?"

वहिनी आत गेल्या. चटणी तर होतीच, रोज ताजी करून ठेवत होत्या आणि रोज माझ्या घरी पाठवत होत्या. भाकरी कडक होती, ती दुधात बुडवून मऊ केली. भाऊजींनी अर्धी भाकरी खाल्ली. आणखी चटणी मागून घेतली. मध्येच मान खाली घालून म्हणाले, "हं."

वहिनी उठून बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून दिला. पाणी खूप वेळ वाहत होतं.

असं आणखी काही संध्याकाळी झालं. एकदा पिठलं, एकदा ताकातली मिरची, जी डॉक्टरांना कळती तर ओरडा बसला असता. मग डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलात नेलं आणि तिथून घरी आणलं ते घरीच जावं म्हणून. त्यानंतर गिळणंच थांबलं. संक्रांतीच्या आधी भाऊजी गेले.

घरात सुतक होतं, त्यामुळे देव माझ्याकडे होते तेच बरं झालं. चौदाव्या दिवशी मी ताम्हन घासून, लाल कापड धुऊन, देव घेऊन गेले. वहिनी सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. डार्लीन सकाळीच येऊन गेली होती. वहिनींनी तिला उरलेली एक बरणी देऊ केली, पण ती म्हणाली, नको, माझं माझ्याकडे आहे, तू ठेव.

"ते पहिलं झाड," वहिनी एकदम म्हणाल्या. "मी तिला बोलू दिलं असतं तर नवरात्रातच मुरलं असतं. तेव्हा त्यांना गिळता येत होतं. सगळं खाल्लं असतं गं त्यांनी. पुरणपोळी खाल्ली असती."

मी म्हटलं, "वहिनी, अहो, तुम्ही कुठे जाणूनबुजून..."

"मला माहितीये. पण वाळवण मलाच येतं असं मीच म्हणाले ना?"

त्या उठल्या. मला वाटलं देव घ्यायला. त्यांनी कपाट उघडलं. दोऱ्या तशाच बांधलेल्या, रिकाम्या. खालच्या फळीवर अर्ध्याहून जास्त भरलेली बरणी. त्यांनी झाकण काढलं, नाक लावलं, थोडा वेळ उघडी धरली आणि पुन्हा झाकण लावलं.

"देव राहू देत तुझ्याकडे," म्हणाल्या. "ही संपली की नेते."

मी ताम्हन पुन्हा लाल कापडाने झाकलं. ती संपवणारं त्या घरात आता कुणी नव्हतं.

त्या मे महिन्यात त्यांच्या अंगणात साडी पसरली नाही. पुढच्याही नाही. सीमाने एकदा मला विचारलं, वहिनी पापड करत नाहीत का हल्ली? मी म्हटलं, दुकानात मिळतात. अन्नपूर्णा अजून माझ्याकडेच आहे. दर शुक्रवारी मी तिच्याखालचे तांदूळ बदलते, जुने तांदूळ भातात घालते, आणि एक डबा भात वहिनींकडे पाठवते. डबा घासून परत येतो. त्या जेवल्या की नाही, ते मी विचारत नाही.