ढिला टॅपेट

दुसऱ्याच्या यंत्रात जरा जरी खटखट झाली तरी फिटरला चैन पडायचं नाही. पंपांच्या कारखान्यात हयात गेली त्याची. चालत्या पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मुठीला कान लावायचा आणि "बेअरिंग गेलंय" म्हणून मोकळं व्हायचं. आणि स्वतःची मोटरसायकल? ती मात्र जन्मभर कुरकुरत धावली. तिचा टॅपेट ढिला होता. इंजिनाची झडप उघडणारा एवढासा भाग तो, पण त्यात केसभर फट जास्त राहिली की प्रत्येक ठोक्यामागून टक् वाजणार. धब धब टक्, धब धब टक्. "या रविवारी बघतो" म्हणता म्हणता गडी निवृत्त झाला. घरचं काम म्हटलं की कारागिराचे हात जड होतात, त्याला कोण काय करणार.

बायकोची मात्र त्या टक्ने सोय झाली होती. गाडी कोपऱ्यावर वळली की ती चहा ठेवायची, दार उघडायची आणि तो गाडी स्टँडला लावतो न लावतो तोच म्हणायची, "अहो, आज उशीर केलात." लवकर आला तरी हेच. पुढे गुडघे बोलू लागले तेव्हा त्याने गाडी मागच्या पडवीत ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि विसरून गेला.

मग विसरायची पाळी बायकोवर आली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. आणि एका सकाळी चहाचा कप पुढे करून ती म्हणाली, "घ्या दादा." भांडण नाही, तंटा नाही. जिने उभ्या जन्मात 'अहो'शिवाय हाक मारली नाही, तिने नवऱ्याला दादा म्हणावं. फिटरने कप घेतला.

ती प्रेमळच होती तशी. घरात कामाला आलेल्या भल्या माणसाशी वागावं तशी वागायची. पण संध्याकाळ झाली की खिडकीशी जायची आणि गज धरून उभी राहायची. "आले नाहीत अजून हे," म्हणायची. ज्यांच्या नावाने जीव टांगणीला लागला होता, ते तिच्या मागे खुर्चीत बसलेले असायचे. एकदा त्याने सांगून पाहिलं, "अगं, मीच तो." ती इतकी घाबरली की त्यानंतर त्याने तो विषयच काढला नाही.

एका संध्याकाळी ती खिडकीतून म्हणाली, "गाडीचा आवाज तर येऊ दे, मग कळेलच मला." फिटर खुर्चीतून उठला, पडवीत गेला आणि ताडपत्री ओढली.

त्याच्या मनात काय होतं ते सरळ सांगतो. गाडी दुरुस्त करायची, संध्याकाळी कोपऱ्यावरून वळवून आणायची, दारात उतरायचं. मग ती म्हणेल, अहो, आज उशीर केलात. एवढंच हवं होतं त्याला. एकदाच.

लेक रविवारी आली तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंजिन. "बाबा, हे काय मांडलंय? डॉक्टरांनी सांगितलंय ना, फार आशा धरू नका म्हणून?"

"डॉक्टरला इंजिनातलं काय कळतं," फिटर म्हणाला. लेकीने कपाळावर हात मारला आणि टेबलाखाली जुनी चादर पसरली.

इंजिन पार जाम होतं. प्लगच्या भोकातून डिझेल ओतायचं, थांबायचं, हलवून बघायचं, पुन्हा ओतायचं. पिस्टन जेव्हा नखभर सरकला तेव्हा फिटर भिंतीला टेकून लहान मुलासारखा हसला. सिलिंडर लेथवाल्याकडून आतून कोरून, बोअर करून आणला. नवा पिस्टन, नव्या रिंगा. एकेक नट रॉकेलमध्ये धुऊन ताटलीत मांडला. घरभर वास. बायको नाक मुरडत येऊन बसायची आणि बघत राहायची.

झडपा घासायची वेळ आली तेव्हा त्याने काठी तिच्या हातात दिली. काठीच्या टोकाला झडप, तिला पेस्ट लावलेली, आणि काठी दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. तिच्या हातांना कुणी शिकवावं लागलं नाही. फिरवता फिरवता तिने विचारलं, "दादा, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको आहे."

"स्वभावाला बरी आहे का?"

"फार चांगली आहे. थोडी बोलते जास्त."

"मग वेळेवर घरी जात जा. वाट बघत असेल बिचारी."

फिटरने पाना उचलला आणि घट्ट असलेलाच नट पुन्हा आवळला.

गाडी पुन्हा जोडून उभी राहिली. लेकीला आईजवळ बसवून फिटर संध्याकाळी बाहेर पडला. किक मारताना गुडघ्यातून कळ गेली, पण इंजिन असं बोललं की कारखान्यातल्या कुणीही पाठ थोपटली असती. एकसारखा, गोल, भरदार आवाज. मोठ्या रस्त्याला वळसा घालून तो कोपऱ्यावरून घराकडे आला. खिडकीत ती उभी होती. त्याने गाडी दाराशी लावली. दार उघडलं नाही. आतून तिचा आवाज आला, "कुणाची तरी गाडी आली बाई. आपली नाही ही. आपली कशी येते मला ठाऊक आहे."

फिटर गाडीवरच बसून राहिला. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फट मोजायच्या पट्टीने टॅपेट त्यानेच सेट केला होता, अगदी केसाच्या मापात. इतकी वर्षं टाळलेलं काम त्याने नेमकं आत्ता केलं होतं. शहाण्याने तेवढी एकच वस्तू हात न लावता ठेवायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने टॅपेटवरचं झाकण काढलं. चांगलं लागलेलं यंत्र मुद्दाम बिघडवायचं, हे पाप त्याने कधी केलं नव्हतं. लॉकनट सोडवला, स्क्रू मागे घेतला, किक मारली, ऐकलं, पुन्हा थोडा मागे घेतला. धब धब टक्. तो आवाज ऐकून त्याचेच डोळे भरून आले. तिची तर काय कथा, असं वाटलं त्याला.

संध्याकाळी तो कोपऱ्यावर वळला आणि दार उघडलं. घरापासून एवढ्या लांब असतानाच उघडलं. ती पायरीवर आली होती. केसांवरून हात फिरवत होती, पदर सारखा करत होती, आणि तोंडभर हसत होती. किती दिवसांनी ते हसू त्याला दिसलं. मागे लेक उभी होती तोंडावर हात धरून. फिटरने गाडी स्टँडला लावली आणि वळला.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग पुन्हा चेहऱ्याकडे. हसू हळूहळू मावळलं.

"दादा," ती म्हणाली, "गाडी तर यांची आहे. तुमच्याकडे कशी आली?" तिचा आवाज कापायला लागला. "यांना काय झालं? खरं सांगा मला. यांना काही झालं का?"

हे फिटरच्या ध्यानीमनी नव्हतं. नवरा आला नाही, गाडी तेवढी आली, याचा अर्थ कुठल्याही बायकोने काय लावावा? लेक पुढे यायला लागली, तिला त्याने हातानेच थांबवलं.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. "धडधाकट आहेत. दुसरी पाळी लागली त्यांना. गाडी पुढे घेऊन जा म्हणाले."

"शपथ घ्या."

"शपथ."

तिने डोळे पुसले. "मग ते येईपर्यंत बसा जरा. मला एकटीला भीती वाटते."

तो पायरीवर बसला. ती त्याच्या शेजारी, मध्ये थोडं अंतर ठेवून. तापलेली गाडी समोर गार होत होती. थोड्या वेळाने तिच्याच लक्षात आलं. "तुमचा खोळंबा झाला दादा. बायको वाट बघत असेल ना तुमची?"

"हो," फिटर म्हणाला. "रोज बघते."

मग दोघंही कोपऱ्याकडे बघत बसून राहिले.