दोन श्रावणांचं साल

नागपूरच्या महाल भागात, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी प्रयागबाईंचं बुरडकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेले हिरवे बांबू, वर टिनाचा पत्रा आणि खाली पोत्यावर दोन माणसांपुरती जागा. लग्न होऊन आल्यापासून त्या आणि त्यांचे यजमान नत्थूजी त्या पोत्यावर शेजारी शेजारी बसत. नत्थूजी बांबू चिरायचे, प्रयागबाई त्याच्या कामट्यांची सुपं-टोपल्या विणायच्या. एकुलती एक दीप्ती तिथंच खेळत मोठी झाली, कॉलेज करून औषधांच्या दुकानात कामाला लागली.

दोन हजार तेवीसच्या जेठात दीप्तीचं साक्षगंध झालं. मुलगा रजत, कन्हानचा, वाडीच्या एका गोदामात सुपरवायझर. त्याला वडील नव्हते. आई कुसुमताई कमी बोलणाऱ्या, पण दीप्तीच्या हातात बांगड्या भरताना त्यांचे डोळे पाणावलेले प्रयागबाईंनी पाहिले होते. लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं.

त्या दिवशी पंगतीत नत्थूजींना जेवण गेलं नाही. लेक जाणार म्हणून असेल, असं सगळ्यांना वाटलं. पुढे पाणीही उलटायला लागलं तेव्हा प्रयागबाई त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पोटातली गाठ यकृतापर्यंत गेलेली होती. डॉक्टरीणबाईंनी प्रयागबाईंना बाजूला घेतलं.

"दसरा बघतील," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतरचं मी सांगू शकत नाही."

घरी येऊन प्रयागबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटवलं. त्या साली श्रावण दोन होते. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाला कमी पडतं, म्हणून अधूनमधून मध्ये एक महिना घालून मेळ बसवतात, हे त्यांना माहीत होतं. धोंड्याचा महिना त्यांनी कितीदा पाहिला होता. पण यंदा तो नेमका चातुर्मासात शिरला होता. चाराचे पाच महिने झाले होते. दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न, सगळं लांब सरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच कन्हानला गेल्या.

"विहीणबाई, चार माणसं घेऊन या," त्या म्हणाल्या. "देवळात हार घालू. मंग तुमच्या मनासारखं थाटात करा. त्याईले पाहू द्या फक्त."

कुसुमताईंनी पाण्याचा गिलास पुढे सरकवला. 

"मार्तंडचं मी असंच केलं होतं," त्या म्हणाल्या. मार्तंड त्यांचा थोरला. "पोरगी पसंत पडली, चातुर्मास पाहिला नाही. सह्या केल्या न झालं. वर्षाच्या आत ट्रकखाली गेला. लोक म्हनते, त्याचा न ह्याचा काही संबंध नाही. नसंन बी. पन मले भेव वाटते वं. मी लग्नाले नाही म्हनत नाही. देव उठू द्या."

प्रयागबाई भांडायच्या तयारीनं गेल्या होत्या. तशाच परत आल्या.

अधिक महिना लागला. लग्नसराई नाही, त्यामुळे दुकानात काम नाही. नत्थूजी गल्लीत खाट टाकून पडायचे. रजत दर रविवारी कन्हानहून मोटारसायकलवर यायचा, त्यांच्या पायथ्याशी बसून बांबू चिरायला शिकायचा. आईनं नाही म्हटल्याची लाज त्याच्या तोंडावर दिसायची.

"सीधा नाही चिरून राहिला, बाबा," तो म्हणायचा.

"गाठीपाशी जोर लाव गा. गाठ फुटली का मधलं पेर आपोआप उकलते." नत्थूजींना दम लागायचा, तरी बोलायचे. "झाड शेंड्याले वाढते. बांबूचं तसं नाही. कोंब निघते तवाच साऱ्या गाठी त्याच्या पोटात राह्यते. मंग दोन गाठीच्या मधी, जिथं तिथं, तो लांबत जाते. म्हनून तं एवढा झपाट्यानं उंच होते."

"अन् हा महिना?" रजतनं विचारलं. "हा बी मधीच वाढला."

नत्थूजी हसले. "हा माह्या कामाचा नाही गा. पन तू येते, तेवढ्यापुरता कामी आला."

प्रयागबाई आत भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

दसरा गेला. दिवाळीच्या पणत्या दीप्तीनं एकटीनं लावल्या, कारण नत्थूजींना दवाखान्यात ठेवलं होतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी कुसुमताई कन्हानहून तडक तिथं आल्या. सोबत रजत आणि पिशवीत दोन हार.

"नत्थूजी, माहं चुकलं," त्या खाटेजवळ उभ्या राहून म्हणाल्या. "आत्ताच लावू लग्न. इथंच."

दीप्तीनं तोंडाला ओढणी लावली. प्रयागबाईंनी घाईघाईनं नत्थूजींच्या पाठीशी उशी दिली, त्यांना नीट दिसावं म्हणून.

नत्थूजींनी मान हलवली. "नको."

"अवो, काहून नको?" प्रयागबाई जवळजवळ ओरडल्या.

ते कुसुमताईंकडे पाहत होते. "तुमच्या मनातलं भेव गेलं काय, विहीणबाई?"

कुसुमताईंना खोटं बोलता आलं नाही.

"मंग उद्या रजतले साधा ताप जरी आला, तं तुमी माह्या पोरीकडं पाहान. तुमचा बी इलाज नाही राहनार. देव उठू द्या. तुमच्या मनानं न्या तिले."

एवढं बोलून ते थकले. हार पिशवीतच राहिले. तुळशीच्या लग्नाच्या आधीच नत्थूजी गेले.

लग्न माघात झालं. शेवटी झाल धरायची वेळ आली. दिवे लावलेली बांबूची टोपली मुलीचे आईबाप सासरच्यांच्या डोक्यावर धरतात आणि लेक सांभाळा म्हणतात. प्रयागबाई मांडवाच्या खांबाआड उभ्या होत्या. त्यांची नणंद शोभाताई झाल घेऊन पुढे झाली, तर कुसुमताईंनी तिला थांबवलं.

"आईले बोलवा," त्या म्हणाल्या. "तिच्याच हातची पाह्यजे मले."

प्रयागबाईंनी झाल धरली. सांभाळा म्हणायचे शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. कुसुमताईच खालून म्हणाल्या, "सांभाळतो आमी."

दीप्ती कन्हानला सुखात आहे. प्रयागबाई अजून त्याच पोत्यावर बसतात, कामट्या मात्र चिरलेल्या विकत आणतात. कुसुमताई महालात बाजाराला आल्या की घटकाभर त्यांच्याजवळ टेकतात. मागे एकदा दोघी चहा पीत असताना प्रयागबाई एकाएकी बोलल्या.

"त्याईनं पोरीचं पाह्यलं, तुमचं पाह्यलं. मले तं फक्त एवढंच पाह्यजे होतं, का त्याईनं तिले हळद लागलेली पाहावं. माहं काहून नाही पाह्यलं त्याईनं?"

कुसुमताईंनी कप खाली ठेवला. तेवढ्यात सूप घ्यायला एक बाई आली, आणि प्रयागबाई पदरानं डोळे पुसून उठल्या.