अण्णांच्या घरातली वादाची रीत

अण्णांच्या घरात कोणतंही मत चालायचं, चढा आवाज मात्र चालत नसे. अण्णा म्हणजे माझे सासरे. वकिली सोडून दोन-तीन वर्षं झाली होती, पण बंगळूरला बनशंकरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी त्यांचं कोर्ट भरायचंच. दोन जुने मित्र यायचे, दोघेही इथे तीन पिढ्या मुरलेल्या मराठी घरांतले. एकाचं कापडाचं दुकान होतं, दुसरे बँकेतून निवृत्त झालेले. उप्पिट, कॉफी आणि राजकारण. रीत एकच होती. ज्याला विरोध करायचाय त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. तो ‘सरी’ म्हणाला, म्हणजे हेच माझं म्हणणं अशी त्यानं कबुली दिली, की मगच आपली बाजू. विरुद्ध पक्षाची बाजू ज्याला मांडता येत नाही तो वकील नव्हेच, असं अण्णांचं मत होतं.

मी नागपूरची. माझ्या माहेरी राजकारणाचा विषय निघाला की आई आधी खिडक्या लावून घ्यायची. वडील आणि काका एका निवडणुकीपायी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे सासरची ही रीत बघून मी हरखूनच गेले. आमचं लग्न प्रेमाचं आणि जातीबाहेरचं. अण्णांनी एका शब्दानं हरकत घेतली नव्हती, उलट रजिस्टर लग्नानंतर हौसेनं जेवणावळ घातली होती. सून इंजिनिअर आहे, तिला मतं असणारच, म्हणून त्यांनी मला त्या खोलीत खुर्ची दिली. सासूबाईंना इतक्या वर्षांत तिथं कुणी बस म्हटलं नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकायच्या.

माझी इंजिनिअरिंगची जागा राखीव कोट्यातली होती. नवऱ्यानं ते लग्नाआधीच अण्णांना सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात अण्णांनी मला जवळ बसवून समजावलं, की यात लपवण्यासारखं काही नाही, पण सांगत सुटण्यासारखंही काही नाही; लोक काम बघत नाहीत, तेवढंच बघतात. मी मान डोलावली. इंदिरानगरच्या ऑफिसात मी तेच तर करत होते. कुणी मार्कांचा विषय काढला की मला अचानक काहीतरी काम आठवायचं.

मग नव्वदीच्या सुरुवातीचे ते दिवस आले. राखीव जागांवरून देशभर मुलं रस्त्यावर उतरली, आणि पेपर उघडला की दुसरा विषय नाही. आमचं रविवारचं कोर्ट याला कसं चुकणार? मी त्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून आत पडून राहणार होते. पण बँकवाले काका आल्याआल्या म्हणाले, “सूनबाई कुठायत? त्या इंजिनिअर, आज खरी मजा त्यांच्याशी बोलण्यात आहे.” अण्णांनी हाक मारली आणि मी जाऊन बसले.

काकांनी त्यांचं म्हणणं मांडलं. आवाज नेहमीसारखा शांत, मला ‘तुम्ही’ म्हणणारा. त्यांच्या मुलाची जागा थोडक्यात हुकली होती आणि त्या मुलानं पुढे शिक्षणच सोडलं होतं. त्यांचं दुःख खरं होतं, हे मला दिसत होतं. दिसत नसतं तर बरं झालं असतं. त्यांचं झाल्यावर अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझं मत वेगळं असेल तर रीतीप्रमाणे चालू दे.”

गप्प बसले असते तर मी त्यांच्याशी सहमत आहे असं झालं असतं. म्हणून मी रीतीप्रमाणे आधी काकांची बाजू मांडायला लागले. कमी मार्कांची माणसं मोठ्या खुर्च्यांवर बसली की देशाचं नुकसान होतं, असं म्हणाले. काका म्हणाले, थोडं राहिलं. मग मी म्हणाले, अशा माणसानं बांधलेल्या पुलावरून जायला लोकांना भीती वाटेल. काका म्हणाले, अजून स्वल्प राहिलं. ती माणसं पुढे कायम कमीच पडतात, हे यायला हवं. मी तेही घातलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे तोंड उघडं होतं आणि बुक्के मीच मारत होते, तेही स्वतःला. काका खूश होऊन ‘सरी’ म्हणाले. अण्णांच्या चेहऱ्यावर माझं कौतुक मावत नव्हतं.

मग माझी पाळी आली. समजा एक मुलगी आहे, अशी मी सुरुवात केली. तिच्या घरात तिच्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही. तिचे वडील दुसऱ्यांची पत्रं वाटतात आणि स्वतःचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतात, वाटताना अक्षरांच्या आकारावरून पत्ते तेवढे जुळवतात. तिला मार्क कमी पडले ते कुठल्या तराजूत, हे आधी विचारायला हवं.

काकांनी लगेच माझी बाजू मांडली. “सूनबाईंचं म्हणणं असं, की गरिबांवर दया करावी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. यावेळी दयेच्या जागी मदत आली. मी पुन्हा नाही म्हणाले. मग त्यांनी हात पसरून अतिशय सभ्यपणे विचारलं, की मग काय चुकतंय ते तुम्हीच सांगा. सांगायला एकच वाक्य होतं आणि ते माझ्या ओठांवर आलं होतं. सोफ्यावर नवरा पेपरात डोकं घालून बसला होता. सासूबाई दारातून माझ्याकडे बघत होत्या. आणि अण्णा घाईनं म्हणाले, विषय स्वल्प तापलाय, आज इथेच थांबू.

वाद अर्धा सोडलेला मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. माझं डोकंच फिरलं.

“अण्णा, माझी बाजू अजून मांडली गेलेली नाही,” मी म्हणाले. “तुम्ही मांडा. तुम्हाला माहीत आहे.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी माझी बाजू मांडली, आणि काय मांडली. त्या मुलीचे वडील, घर, अभ्यासाला नसलेली जागा, वर्गात पाठीमागून ऐकलेले शब्द, सगळं आलं. दया नव्हे, हक्क, हेही आलं. मला सुचलं नव्हतं तेही त्यांनी सांगितलं. काकांची मान खाली गेली. दुकानवाले काका हळूच म्हणाले, असं आपण कधी पाहिलंच नाही. त्यात चूक काढायला मला एक शब्द सापडला नाही. फक्त ती मुलगी शेवटपर्यंत कुठल्याशा गावातली कुणीतरी मुलगीच राहिली.

सगळे थांबले होते. मी ‘सरी’ म्हणाले.

पाहुणे गेल्यावर अण्णा स्वयंपाकघरात आले. मी कॉफीचे पेले विसळत होते. त्यांनी विचारलं, “काही राहिलं का गं माझं?”

“ती मुलगी तुमची सून आहे, एवढंच राहिलं.”

त्यांनी विसळलेला एक पेला उचलून पालथा घातला. मग म्हणाले, “सांगितलं असतं, तर उद्यापासून ते तुझ्याशी असं मानानं बोलले नसते, बाळ. तुझ्यासाठीच थांबलो.”

हे खरं होतं, हीच तर पंचाईत होती. माणूस खोटा असता तर मी कडाडून भांडले असते, बॅग भरून नागपूर गाठलं असतं. पण मलाही आता त्या घराच्या रीतीची सवय लागली होती. मी मनातल्या मनात आधी त्यांची बाजू मांडली. त्यांचं वय, त्यांचे चाळीस वर्षांपासूनचे मित्र, माझ्याबद्दल त्यांना वाटणारी माया, आणि यात माझी काळजी कुठली आणि घराच्या नावाची काळजी कुठली, हे त्यांनाही वेगळं करता येत नसणार. सगळं नीट मांडून झालं. मग माझी पाळी आली, आणि मी वळून पाहिलं तर अण्णा आंघोळीला निघून गेले होते.