माहेरी गेली आहे

मंगळवारी सकाळी माझी पत्नी तापाने वारली. त्या शनिवारी आम्ही सोलापूरला जाणार होतो.

मी मोहोळच्या शाळेत मास्तर. दोन महिन्यांतून एकदा, शनिवारची अर्धी शाळा उरकून आम्ही दोघं गाडीने सोलापूर गाठायचो, धर्मशाळेत रात्र काढायचो आणि रविवारी परतायचो. लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नव्हतं, त्यामुळे निघायला वेळ लागत नसे. जुनी पुस्तकं चाळायला जातो असं मी लोकांना सांगे. खरं म्हणजे आम्ही खायला जात होतो. स्टेशनाबाहेर एका हलवायाकडे भजी मिळत. ती रस्त्यात उभ्यानं खायची तिला लाज वाटे, म्हणून पुडी घेऊन आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. रविवारी सकाळी चहाचं दुकान. मी आत, ती बाहेरच्या बाकावर पदर पुढे ओढून. पण मुख्य जेवण शनिवारी संध्याकाळचं, अव्वांच्या खानावळीतलं.

अव्वा म्हणजे एक लिंगायत विधवा. घराच्या पुढच्या खोलीत चार पाट मांडून त्या लोकांना जेवू घालत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कडक भाकरी मोडत होतो, ती आतल्या दाराशी बसली होती. अव्वांनी मला विचारलं, “ऊटा आत?” मी अर्ध्या ताटावरून उठलो आणि हात धुवायला निघालो.

पत्नी अक्कलकोटकडची, तिला कानडी येई. हसू आवरत ती म्हणाली, “अहो, बसा. ‘ऊठ आता’ नाही म्हणाल्या त्या. जेवण झालं का, असं विचारतायत.”

हे मास्तर आहेत, हे कळल्यावर अव्वा तोंडाला पदर लावून हसल्या. “शाळंत पोरांना उठवता, हितं सोताच उठला की!”

पुढे त्या तिला चुलीपाशीच वाढू लागल्या. दोघींचं कानडी चाले. मला त्यातलं निम्मंही कळत नसे. मी शेंगाचटणीत दही कालवून मुकाट्याने जेवे.

ती गेल्यावर तीन महिन्यांनी मी एकटा गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. स्वतःच्या हातचं खाऊन कंटाळलो होतो, हेही एक कारण असेल.

अव्वांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. “तंगी कुटं हाय?” तिला त्या तंगी म्हणत, धाकटी बहीण.

माझ्या तोंडून निघालं, “माहेरी गेली आहे.”

अव्वांनी तवा खाली उतरवला. “कितवा म्हैना?”

मला समजायला वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी माझं गप्प राहणं आपल्या परीने लावून घेतलं. “लाजता व्हय मास्तर? नऊ वर्सांनी देव पावला, आन् तोंड पाडून बसलाय!” निघताना त्यांनी शेंगांच्या पोळ्यांची पुडी हातात दिली. “तिला पोचती करा. लई आवडत्यात तिला.”

पुडी मी घरी आणली. फडताळात ठेवली. आठवड्याने तिला मुंग्या लागल्या तेव्हा टाकून दिली.

पुढच्या खेपेला जाणं टाळलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मग ध्यानात आलं, मी गेलो नाही तर अव्वा महिने मोजत बसतील. त्या शनिवारी गेलो, आणि पाटावर न बसता दारातच सांगून टाकलं.

“कवा?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही पुडी दिलीत, त्याच्या तीन महिने आधी.”

त्या रडल्या नाहीत. परातीतल्या पिठात त्यांनी पाणी घातलं. “मग पुडी नेलीस कशाला रे?” मला त्यांनी अरे म्हटलं ते त्याच दिवशी.



“बस,” त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला घेतली.

आता मी सोलापूरला एकटाच जातो. रात्री मुक्काम करत नाही. फक्त अव्वांकडे जेवतो आणि मिळेल त्या गाडीने परत येतो.